जीपखालची चिमणी

"तुम्ही नका सांगू. तिला बोलू द्या."

हे वाक्य ऐकून घेतल्याशिवाय मिस्तरींच्या गॅरेजमधून कुणाचीही जीप दुरुस्त होऊन बाहेर पडली नसेल. गाडीवाला तक्रार सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच मिस्तरींचा डावा हात वर व्हायचा, चौकातल्या हवालदारासारखा. उजव्या हातात हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. समोर कोण उभं आहे, नगरसेवक की वकील, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

गॅरेज नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांना चिकटून. द्वारकेचा चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथल्या आवाजाबद्दल सांगायला नको. ट्रक, रिक्षा, बस, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवत असतात आणि हलत कुणीच नसतं. त्या गोंगाटातून मिस्तरी जुन्या इंजिनाची बारीकशी कुरकुर अलगद निवडून काढायचे. आपण पोह्यांतून खडा काढतो तशी. मग डोळे उघडून म्हणायचे, "तीन नंबरचा व्हॉल्व्ह. लय दिवसांपासून सांगतेय बिचारी, तुम्ही ऐकतच नाय."

माझी जीप माझ्याच वयाची. मी शाळामास्तर. मास्तराने घर घ्यावं, सोसायटीत वर्गणी भरावी आणि गप्प बसावं. मी सरकारी लिलावातली चार चाकांच्या ओढीची जुनी जीप घेतली. बायको आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मिस्तरी मात्र जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सर, गाडी खरी आहे. माणसंच खोटी भेटली हिला." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. मुकाट्याने त्यांच्या पत्र्याच्या शेडमधल्या स्टुलावर बसून असायचो.

जुन्या जीपची हौस हल्ली आपल्या नाशिकात बरीच वाढली आहे. गंगापूर रोडचे एक गृहस्थ एकदा गाडी घेऊन आले. गाडी वीतभर उंच केलेली, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आणि टपावर दिव्यांची अख्खी रांग. त्यांची आई आत बसली होती आणि तिला काही केल्या उतरता येत नव्हतं. मिस्तरींनी कोपऱ्यातली लाकडी शिडी आणून लावली, म्हातारीला हात धरून उतरवलं, खुर्ची दिली. मग शांतपणे विचारलं, "साहेब, शिडी गाडीलाच बसवून देऊ का?" पुढच्या महिन्यात ती गाडी दोन बोटं खाली आली.

गिअरच्या दांड्याशेजारी असल्या जीपला आणखी लहान दांडे असतात. त्यातला एक ओढला की पुढच्या चाकांनाही ओढ मिळते. त्या दांड्याला मिस्तरी 'धाकटा' म्हणायचे. नवशिके डांबरी रस्त्यावरही धाकटा ओढून मिरवायचे, त्याचा त्यांना फार राग. "जायचं दोन चाकांवर. धाकटा घरी आणायला असतो," ते बजावायचे.

आता चिमणीची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं.

मिस्तरींकडून जीपच्या मागच्या बाजूचं थोडं काम करून घेतल्यावर एकदा बायको माझ्याबरोबर जीपमध्ये बसली. द्वारका ते घर. उतरताना म्हणाली, "जीपखाली चिमणी अडकलीये का बघा. हळू चालवली की चिवचिवते." मी वाकून पाहिलं. चिमणी कुठली असणार? मला तर काही ऐकूही आलं नव्हतं. पण बायको हटून बसली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर थेट गॅरेजवर आली.

"मिस्तरी, खाली चिमणी..."

डावा हात वर झाला. "वहिनी, तुम्ही नका सांगू. तिला बोलू द्या."

मिस्तरी जीप गल्लीत पुढेमागे करायला लावून सोबत चालले, वाकले, खाली शिरले. बाहेर आले ते हसतच. "काही नाय. एकदम टकाटक. चिमणी वहिनींच्या मनात आहे, अजून जीप आवडली नाय त्यांना."

मीही हसलो. बायको हसली नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं पेठ गावाच्या पुढच्या डोंगरात गेलो. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं, खाचरं मोकळी. मिस्तरींना चढावर काम तपासायचं होतं आणि बायको, खरं सांगायचं तर, माझ्यावर नजर ठेवायला आली होती. एका पाड्याकडे जाणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटेवर जीप निम्मी चढली असेल, तोच खालून कुणी घण मारावा तसा आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं आणि जीप मागे सरकू लागली.

मी हँडब्रेक खेचला. काही उपयोग झाला नाही. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या शाफ्टवर असतो. तो शाफ्टच सुटून खाली लोंबत होता. आमच्या मागे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे ओढा.

"पायाचा ब्रेक! सर, पाय काढू नका!" मिस्तरी ओरडले आणि सत्तरीच्या जवळ आलेला तो माणूस चालत्या जीपमधून उडी मारून उतरला. ब्रेक दाबूनही जीप गोट्यांवरून घसरतच होती. त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला, बायकोने उतरून दुसरा लावला. जीप थांबली. मी मात्र तरीही ब्रेकवरचा पाय काढला नाही.

मिस्तरी खाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर लोखंडाचे चार तुकडे होते. शाफ्टच्या सांध्यात एक फुलीसारखा भाग असतो, त्याला क्रॉस म्हणतात. तो कोरडा पडून तुटला होता. आणि कोरडा पडला की क्रॉस तुटण्याआधी बरेच दिवस चिवचिवतो. हे मला मिस्तरींनीच पूर्वी कधी तरी शिकवलेलं.

त्यांनी तुटका शाफ्ट काढून मागे टाकला आणि धाकटा ओढला. जीप अलगद मागे घेत आम्ही सपाटीवर आलो आणि पुढच्या दोन चाकांवर पेठपर्यंत पोचलो. एरवी अशा प्रसंगी मिस्तरी 'बघा, धाकटा कशाला असतो' म्हणत सगळ्या रस्त्याने पिडायचे. त्या दिवशी ते सगळ्या रस्त्याने ते चार तुकडे तळहातावर उलटेपालटे करत होते.

पेठला टपरीवर थांबलो. त्यांच्या चहावर साय धरली तरी कप तसाच. मग ते माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "वहिनी, चिमणी होती." आणि थोड्या वेळाने, अगदी खालच्या आवाजात, "माले आयकू नई येस."

मिस्तरी मूळचे सटाण्याकडचे. पण गॅरेजवर त्यांच्या तोंडून अहिराणी मी कधी ऐकली नव्हती. ती घरची भाषा, ती त्या दिवशी बाहेर आली. गेली दोन वर्षं त्यांना बारीक आवाज येत नव्हते. ठोके, घरघर, खडखड, जाड सगळं यायचं. बारीक गेलं ते गेलंच. त्यांनी ते स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. कानावर जगणारा माणूस कान गेल्याचं कुणाला सांगणार?

"आज तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? उद्यापासून गॅरेज बंद," ते म्हणाले.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ऐन वेळी काही सुचत नाही. बायको मात्र फटकन म्हणाली, "बंद कशाला? जाड तुम्ही ऐका. बारीक आम्ही सांगतो. फक्त आम्हाला बोलू द्या."

मिस्तरींनी तिच्याकडे पाहिलं. मग तो सायीचा चहा एका घोटात संपवला.

सोमवारी शेडमध्ये पोचलो तर एक गाडीवाला तक्रार सांगत होता आणि मिस्तरींचा डावा हात खालीच होता. "मला बारीक आवाज येत नाय," ते त्याला स्वच्छ सांगत होते. "तुम्ही सांगा. नीट सांगा. कधी वाजतं, कुठं वाजतं, कसं वाजतं." गाडीवाला गोंधळला. इतक्या वर्षांत त्याला इथे कुणी विचारलंच नव्हतं. काही लोक दुसरीकडे गेले, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बरेच राहिले. गंगापूर रोडचे गृहस्थ तर आपल्या आईलाच घेऊन यायचे, कारण तिचे कान तिखट. म्हातारी खुर्चीत बसून सांगायची, "डावीकडं बेडूक ओरडतोय रे." मिस्तरी वाकून म्हणायचे, "बेडूक म्हणजे ब्रेक, आई. बरोबर."

पुढे जाड आवाजही कमी होत गेले. एकदा दोन्ही हात कामात होते म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली आणि वाकताना टोक चालू इंजिनाला टेकलं. मिस्तरी होते तसेच थबकले. मग मूठ न सोडता डोळे मोठे करून माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, शॉक बसला.

"दातांतून येतंय, सर! सगळं येतंय!"

त्यानंतर इंजिन ऐकायची हीच पद्धत. लाकडी मुठीवर दातांचे खळगे पडले. "दात आहेत तोवर गॅरेज आहे," ते म्हणायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळकरी पोरासारखे मन लावून दात घासायचे.

घर गॅरेजच्या मागेच, दोन खोल्यांचं. मिस्तरींची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, दारातून हाका मारून थकायच्या. एकदा चिडून शेडमध्येच आल्या. "जीपचं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाय!" मिस्तरींच्या दातांत मूठ होतीच. काकूंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक धरलं, आपल्या हनुवटीला टेकवलं आणि म्हणाल्या, "चहा घेता का?"

मिस्तरी दातांतूनच म्हणाले, "आलं टाक."

आम्ही सगळे हसलो. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मिस्तरी गेले. सकाळी आंघोळ करून, शेडचं दार उघडून, खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्याच गेले. मला त्यांची आठवण येते, फार येते. जीप सुरू केली की इंजिन नीट ऐकू यावं म्हणून माझा हात आपोआप रेडिओ बंद करायला जातो, आणि जीपमध्ये रेडिओ तर कधी नव्हताच.

तेराव्यानंतर आम्ही काकूंना भेटायला गेलो. शेडमधली अवजारं एका गॅरेजवाल्याने नेली होती. स्क्रूड्रायव्हर तेवढा काकूंनी देवघराच्या फळीवर ठेवला होता. "हा नाय दिला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "सर, जीप आणली का? चालू करा बरं."

मी जीप शेडमध्ये घेतली, बॉनेट उघडलं. काकू स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. "जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. एवढं काय ऐकत बसायचे ते तरी बघू."

त्यांनी टोक इंजिनाला टेकवलं. मूठ तोंडात धरताना जरा संकोचल्या, मग मिस्तरींच्या दातांच्या खळग्यांत आपले दात बसवले आणि डोळे मिटले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काकू हलेचनात. मी काळजीने पुढे होऊन काही विचारणार, तोच काकूंचा डावा हात वर झाला.