सावंतबाईंच्या डोक्यावरची ट्यूब

जुन्या ट्यूबलाइटनं मला फसवलं आणि मी सावंतबाईंवर अन्याय केला.

माझ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात काल एलईडी पट्ट्या बसल्या. बटण दाबताच उजेड पडला. ना फडफड, ना गुणगुण. कोपऱ्यात सावंतबाई मालाच्या पावत्या वाचत होत्या. एरवी नाकाशी धरलेला कागद काल टेबलावरच होता आणि त्या भराभर वाचत होत्या. याच बाईंना मी चौदा वर्षं ‘आमची ट्यूबलाइट’ म्हणत आलो, कारण एक पावती वाचायला त्यांना फार वेळ लागायचा.

वायरमन शिडीवरून उतरत होता. मी त्याच्यावरच घसरलो, “ट्यूब एवढी खराब होती, तर बोलला का नाहीस?”

“बोललो होतो, शेठ. चोक बदला म्हटलं, तर तुम्ही घासाघीस करून स्टार्टरवर भागवलंत.”

सावंतबाईंनी मान वर न करता विचारलं, “पेटली का ट्यूब, शेठ?”

सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हापासून मनात एकच घोळतंय. भाव करताना समोरच्याची पापणी हलली तरी मी टिपतो. बाईंच्या डोक्यावर काय फडफडतंय, ते पाहायला मात्र मी कधी मान वर केली नाही.

ती ट्यूब आता दाराशी उभी आहे, दोन्ही टोकांना काळी पडलेली. बाई महिनाअखेर निवृत्त होतायत. थट्टा चारचौघांत झाली होती, तेव्हा जाबही चारचौघांतच द्यायला हवा. आणि तो वायरमननं नाही, मी द्यायचा आहे.