सिद्धाच्या तळ्यावरचा हुकूम

समुद्रापार जायचा हुकूम आला तेव्हा आमची पलटण बेळगावच्या छावणीत होती. १९४२ साल संपत आलं होतं. मी नाईक होतो, गाव येळ्ळूर. माझ्या सेक्शनमधला लान्स नाईक भैरू कल्लाप्पा हा माझा उजवा हात. छावणीच्या पश्चिमेला डोंगरात त्याचं गाव. त्या गावात दंडावर फीत लावणारा तो पहिलाच माणूस. फीत एकच, पण सुट्टीवर निघाला की ती बाही रस्त्याकडे राहील अशा बेतानं तो बैलगाडीत बसायचा. आम्ही त्यावरून त्याला भरपूर छळायचो आणि तोही खुशाल छळून घ्यायचा.

निघण्याआधी आमच्या प्लाटूनला एक दिवस बाहेर न्यायचं ठरलं. सकाळी ग्रेनेडचा सराव, नंतर मोकळीक. जागा ठरली सिद्धाची घळ. भैरूच्या गावाच्या मागेच ती घळ आहे. सरावाची जमीन घळीच्या तोंडाशी, उघड्या माळावर होती. तिथलं काम नाश्त्यानंतर तासाभरात उरकलं. काही ग्रेनेड उरले, ते पेटीत परत ठेवले. पेटी भैरूच्या ताब्यात होती, म्हणून ती त्याच्याबरोबर आतही आली.

मग आम्ही आत गेलो. दोन्ही अंगांना काळे कडे आणि मधून ओढा. कड्यांच्या पोटात गुहा आहेत. पूर्वी कुणी सिद्धपुरुष तिथं राहत होता म्हणतात. पहिल्या गुहेपाशी सगळे थांबतात. वहाणा, बूट, कमरेचे पट्टे तिथं काढायचे. चामडं पुढं न्यायचं नाही, असा तिथला नेम. आम्ही बूट ओळीत लावले आणि अनवाणी निघालो. शेवटची गुहा ओलांडली की कडे एकदम मागं सरतात आणि समोर तळं दिसतं. पाणी हिरवं आणि इतकं थंड की पाय बधिर होतात. त्यात हातभर लांबीचे काळे मासे. माणूस काठावर आला की ते पळत नाहीत, उलट जवळ येतात.

निपाणीचा बाबू आमच्यात होता. तंबाखूच्या वखारीतून भरती झालेला, तोंडात कायम विडी आणि जिभेला लगाम नाही.

"एवढं मोठं मासं, आन कोण खात न्हाय?" तो म्हणाला. "निपाणीत आसतं तर तळं कोरडं झालं आसतं की रं!"

"हितं माझा दादा जेवतोय," भैरू म्हणाला. "गप बस."

मग त्यानं सांगितलं. घरातला माणूस परमुलखात मेला आणि त्याची राख गावात आली नाही, तर त्या घरानं दर अमावास्येला भाताचा घास या माशांना द्यायचा. भैरूचा थोरला भाऊ आदल्या वर्षी आफ्रिकेत पडला होता. त्याची आई दर अमावास्येला भाताची पितळी घेऊन एवढं अंतर चालत यायची. बाबूनं विडी विझवली आणि कानामागं ठेवली.

दुपारी लेफ्टनंटसाहेब आले. विलायतेहून येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. बरोबर दुसऱ्या पलटणीतला एक साहेब पाहुणा होता. दोघंही बूट घालूनच आत आले. आम्ही ते पोटात घातलं. साहेब तळ्याच्या काठी वाकले, मासे पाहिले आणि खूश झाले.

"लान्स नाईक, एक ग्रेनेड डालो. मछली चाहिए."

भैरू अनवाणी पायांनी सावधान झाला. "नहीं साहब."

"क्या?"

"यहाँ नहीं डालेगा, साहब."

मी पुढं झालो आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सगळं कारण सांगितलं. साहेबांनी ऐकलं. मग त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं. पाहुणा हसत होता. तिथंच सगळं बिघडलं. साहेब एकटे असते तर त्यांनी विषय सोडला असता, असं मला अजून वाटतं.

"ये हुकूम है," साहेब म्हणाले.

"नहीं साहब."

साहेबांनी स्वतःच पेटी उघडून ग्रेनेड हातात घेतला. भैरूनं एकदा सलाम केला, वळला आणि तळ्यात शिरला. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तो थांबला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मासे त्याच्याभोवती गोळा झाले.

"अब डालो, साहब."

घळीत आवाज घुमतो. ते तीन शब्द आम्ही दोनदा ऐकले. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"नाईक! इसको बाहर निकालो."

हुकूम माझ्यावर आला. मोडला तर माझ्याही फिती जाणार, आणि पाळला तर तळ्यात ग्रेनेड पडणार. मी म्हणालो, "जी साहब," आणि पाण्यात उतरलो. भैरूच्या काखेत हात घालून ओढलं. म्हणजे ओढल्यासारखं केलं.

"अण्णा, तू कशाला आलास? तुझ्या फिती जातील," तो पुटपुटला.

"गप. जड हो."

मग मी काठाकडे तोंड करून ओरडलो, "बहुत भारी है, साहब! हिलता नहीं!"

 बाबूला सगळं आधी कळलं. "साहब, मदत करता है!" असं ओरडून तो धपकन पाण्यात पडला. त्याच्या मागोमाग अख्खी सेक्शन उतरली. कुणी हात ओढतोय, कुणी कमरेला विळखा घालतोय, कुणी "हय्या हो" म्हणतोय. पोती उचलणारे, नांगर धरणारे गडी, आणि एवढ्यांना मिळून एक भैरू हलेना. हुकूम कुणीच मोडला नाही. सगळे जीव तोडून हुकूम पाळत होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंच फटीग, म्हणजे पलटणीतलं अंगमेहनतीचं काम, केलं नाही.

साहेब ग्रेनेड हातात धरून उभे होते. पिन जागेवरच होती. पाहुण्याचं हसू थांबलं होतं. शेवटी साहेबांनी ग्रेनेड पेटीत ठेवला, भैरूला अटकेत घ्यायला मला इंग्रजीत सांगितलं आणि ते निघून गेले. मग भैरू आपण होऊन बाहेर आला, पहिल्या गुहेपर्यंत चालत गेला, पाय पुसून बूट घातले आणि माझ्यासमोर हजर झाला.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर्ली रूममध्ये आमची पेशी झाली. कंपनी कमांडर मेजरसाहेब जुने होते, मराठी बोलायचे. त्यांनी आधी मला विचारलं.

"बाहेर का काढला नाही?"

"जड होता, साहेब."

"पाण्यात माणूस हलका होतो, नाईक."

"ह्यो झाला न्हाय, साहेब."

ते भैरूकडे वळले. म्हणाले, लढाईचे दिवस आहेत, हुकूम मोडणं मोठा गुन्हा आहे. पण लेफ्टनंटसाहेबांची माफी माग, फीत राहील.

"हुकूम मोडला, साहेब," भैरू म्हणाला. "शिक्षा द्या. पर चुकलो म्हननार न्हाय."

फीत गेली. कोठडीची शिक्षाही झाली, पण ती मी विसरलो आहे. फीत विसरलो नाही. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

बोटीवर चढण्याआधी सुट्टी मिळाली. मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. फीत उसवलेल्या जागी बाहीवर दोऱ्याची भोकं दिसत होती. त्याच्या आईनं ती पाहिली. भैरूनं काय झालं ते थोडक्यात सांगितलं.

"मासं हायत न्हवं?" तिनं विचारलं.

"हायत, आई."

"मग बस जेवाय."

पुढं आम्ही इटलीत गेलो. लेफ्टनंटसाहेब आमच्याबरोबरच होते. माणूस लढायला चांगला निघाला, हे लिहायलाच हवं. पहिल्या हिवाळ्यात एका खेड्याच्या लढाईनंतर त्यांनी भैरूला बोलावलं. "फीत वापस लो. सिर्फ बोलो, उस दिन गलती हुई." भैरू म्हणाला, "नहीं हुई, साहब." साहेबांनी मान हलवली आणि त्याला सिगारेट दिली. ती त्यानं बाबूला दिली.

पुढच्या हंगामात एक नदी ओलांडायची होती. पहाटे आमची सेक्शन पलीकडच्या काठावर पोचली. बांधावरून मशीनगन सुरू झाली आणि पहिल्याच फैरीत माझ्या मांडीत गोळ्या घुसल्या. बाबू माझ्याशेजारी आडवा होता. तो आता प्लाटूनचा वायरलेस पाठीवर घेऊन फिरायचा. मी काही बोलायच्या आत भैरूचा आवाज आला, "सेक्शन, माझ्यामागनं!" त्यानं गडी डाव्या बाजूनं नेले, एक ग्रेनेड टाकला, आणि मशीनगन बंद पडली. मग त्यानं बांध धरला.

वायरलेसवर अलीकडच्या काठावरून लेफ्टनंटसाहेब बोलले. "सेक्शन कौन चला रहा है? ओव्हर."

"शिपाई भैरू, साहब. ओव्हर."

खरखर. मग, "लान्स नाईक भैरू को बोलो, बांध होल्ड करो. आऊट."

बाबू घसा फाडून ओरडला, "भैऱ्या! फीत आली रं! साहेब लान्स नाईक म्हनला!"

"माफी न मागता?" बांधावरनं आवाज आला.

"न मागता!"

तो हसला. ते हसणं मी स्वतः ऐकलं. अर्ध्या तासानं बांधावर तोफगोळे पडू लागले. त्यात भैरू गेला. बांध मात्र गेला नाही. त्याच दिवशी दुपारी नदी ओलांडताना लेफ्टनंटसाहेबही पडले. त्यामुळं फितीचं कागदावर काहीच चढलं नाही.

१९४७ च्या उन्हाळ्यात भैरूच्या गावानं त्याच्या नावाचा दगड उभा केला. अक्षरं काय कोरायची ते मी सांगितलं. दगड बसवायच्या दिवशी कचेरीतला एक कारकून आला. नाव वाचून त्यानं हरकत घेतली. म्हणाला, सरकारी कागदावर हा शिपाई आहे, तुम्ही लान्स नाईक कोरलंय, ते खोडा.

मी काठीवर उभा होतो. म्हटलं, "खोडनार न्हाय."

"कुणाच्या हुकमानं कोरलंय हे?"

"ज्या साहेबानं त्याची फीत काढाय लावली, त्याच्याच हुकमानं. तो इटलीत नदीच्या काठाला पुरलाय. जा, इचारून या."

भैरूची आई दगडाशेजारी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "सगळं बरोबर हाय न्हवं?"

"व्हय आक्का," मी म्हणालो. "सगळं बरोबर हाय. लान्स नाईक भैरू कल्लाप्पा."