तळ्याची उसनी जमीन

हैदराबादेत दिलसुखनगरच्या पलीकडे गौरीकुंटा नावाचं तळं होतं. टेकडीवरचं पाणी ओढ्यानं येऊन श्रावणात चिंचांच्या बुंध्यांना टेकायचं. उन्हाळ्यात ते आटत आटत मधल्या डबक्यापुरतं उरायचं. मग उघड्या पडलेल्या काळ्या गाळात काठावरची घरं काकडी-खरबूज लावायची आणि मृग लागला की जमीन तळ्याला परत करायची. उसनी जमीन ती, पेरायची, पण आपली म्हणायची नाही. एकनाथराव त्याच काठावर वाढलेले.

नव्वदनंतर शहराला जागा पुरेना. पुण्या-मुंबईची मराठी पोरं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी येऊ लागली. एकनाथराव तोवर चिक्कडपल्लीत राहायला गेलेले, नामपल्लीच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी प्लॉटची दलाली सुरू केली. करेनात का! पण कुणाला काय दाखवावं याला काही धरबंध?

अविनाश आणि पल्लवी पुण्याचे, भाड्याच्या घरात टँकरची वाट बघून कंटाळलेले. त्यांनी एकच विचारलं, "काका, पाणी आहे ना?" मे महिना, प्लॉट पाडलेल्या तळ्याच्या पात्रात धूळ उडत होती. शेजारच्या प्लॉटवरच्या बोअरचं पाणी एकनाथरावांनी दाखवलं. "भरपूर," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढंच. आपला मराठी माणूस, म्हणून त्या दोघांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

घर झालं. वास्तुशांतीला एकनाथरावांना पहिल्या पंगतीचा मान. त्यांनी मान खाली घालून जिलबी दोनदा घेतली.

पुढच्या श्रावणात पाऊस कोसळला आणि तळं आपल्या जागी परत आलं. सकाळी अविनाश-पल्लवी तान्ह्या बाळाला घेऊन, चिखलानं भरलेले, एकनाथरावांच्या दारात उभे. शिव्या खायची एकनाथरावांची तयारी होती. पण पल्लवीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"इथे आमचं दुसरं कोण आहे? तुम्हाला तरी काय माहीत असणार, काका!"

लाजेनं एकनाथरावांचे कान तापले. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "हौ ना. कुणाला ठाऊक होतं?"

त्यांची बायको गंगूबाई चहाचं आधण ठेवत होती. ती वळली. "कायकू खोटं बोलता हो? पोहायला त्याच तळ्यात शिकलात की तुम्ही."

पल्लवी उठली आणि तिनं एकनाथरावांच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.