एका वेलांटीचा फरक

माझ्या रिमोटच्या गाडीचा गिअर झिजला, म्हणून खेळण्यांच्या दुकानात गेले. तिच्या ब्रँडची फळी रिकामी होती.

"डिस्ट्रिब्युटरचं दिवाळं निघालं, ताई," दुकानदार काका म्हणाले.

इंग्रजी शाळेत शिकलेली मी. मला वाटलं, दिवाळीचा माल आला. "मग दाखवा ना!"

काका हसले. "अहो, तो बुडाला! आता हे पार्ट येणार नाहीत. दुसरी गाडी घ्या."

एक वेलांटी गेली की सण जातो. कंपनी अजून चांगल्याच गाड्या बनवत असेल, पण मधला माणूस बुडाला आणि इथल्या गाड्या पोरक्या झाल्या.

"असा गिअर कुणी बनवून देईल का?" मी विचारलं.

"लेथ मशीनवर धातू कातणारा लेथवाला देईल. पण त्याच्याशी फार बोलावं लागतं."

नेमकं तेच मला मराठीत जमत नाही. तरी झिजलेला गिअर मुठीत धरून त्याच्याकडे निघाले. दिवाळीला गाडी धावायलाच हवी.