पाठ प्रेक्षकांकडे, तोंड मिश्राजींकडे

पालघर-बोईसर म्हटलं की लोक समुद्राचं विचारतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे गेले ती मात्र भाऊजींना वाचवायला. ताईचे यजमान बोईसरला रंगाच्या कारखान्यात होते. तिथल्या कामगारांना घेऊन ते नाटक बसवत होते आणि त्याला ‘रॉक संगीतिका’ म्हणत होते. मी पुण्यात नाच शिकवायचे, सत्तावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल मला शंका नव्हती. “चार दिवस ये, नाचाचं तेवढं बघ,” असं ताईचं पत्र आलं आणि मी बॅग भरली.

पुण्याहून एसटीने मनोरमार्गे पालघर, पुढे गाडीने बोईसर. आता मुंबईकडून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, तेव्हा हाडं खिळखिळी करायची माझी हौस तुम्ही करू नका. उन्हाळ्यात जात असाल तर पालघरला ताडगोळे घ्या आणि तिथेच खा, नाहीतर बॅगेतले कपडे धुवावे लागतात.

तालीम बोईसरजवळच्या सालवडला, एका शेडमध्ये. भाऊजींनी आधी नऊ गाजलेली गाणी निवडली होती आणि मग त्यांच्यामधल्या फटींत गोष्ट भरली होती. आधी बटणं घेऊन मग शर्ट शिवायचा प्रकार. नायक स्वतः भाऊजी. त्यांचं बालपण संगीत नाटकं बघण्यात गेलेलं, त्यामुळे रॉकच्या गाण्यातही कानावर हात ठेवून ते तान घेत. सहाव्या गाण्यात ते मरायचे, ते पूर्ण तीन मिनिटं. गिटारवर मिश्राजी, एरवी बॉयलर सांभाळणारे. “मॅडम, हमारा हाथ गरम है, फिकर मत करो,” म्हणाले.

नाचायला आठ जणी. चौघी कॉलनीतल्या, माझ्या ‘पाच-सहा-सात-आठ’वर चोख. उरलेल्या चौघी बेटेगावच्या वारली, पॅकिंगमध्ये कामाला. त्यांची म्होरकी सुमन. पाय असे, की मी हेव्याने बघत राहिले. पण गाणं सुरू झालं की चौघी गर्रकन मिश्राजींकडे तोंड करायच्या आणि प्रेक्षकांना पाठ!

“सुमन, लोक तुझी पाठ बघायला येणार का?”

“वाजवणाऱ्याला पाठ करायची नाय, बाई. आमच्यात तारपा फुंकणारा मधी ऱ्हातो. तो वळंल तसं आमी वळतो.”

“इथे आकडे मोजायचे.”

“तुमी मोजा. आमी त्याला बगतो.”

दुसऱ्या दिवशी ताईने मला चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूचं बन, लांबच लांब वाळू, माणूस नाही, अवश्य जा. मी मात्र तिथेही चिडलेलीच. रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी खाता खाता भाऊजींना सांगून टाकलं, त्या चौघी नकोत. भाऊजी घास हातात धरून म्हणाले, “अगं, सुमनची आई येणार आहे. अख्खा पाडा चालत येणार आहे.” शेवटी मी मोठं मन केलं: मागची रांग, आणि एकदा जरी वळल्या तरी सरळ आत. सुमनला हे सांगितलं तेव्हा ती फक्त “बरं” म्हणाली.

रविवारी संध्याकाळी प्रयोगाला मैदान भरलं. पाड्यावरची माणसं पुढे जमिनीवर बसली. तीन गाणी छान झाली. सुमन कशीबशी पुढे बघून नाचत होती. एवढ्या चांगल्या पायांत मीच दोर बांधल्यासारखं वाटलं, तरी मी विंगेत ताठच उभी होते.

चौथं गाणं प्रेमाचं. भाऊजी गुडघ्यावर बसले, आणि गरम हाताच्या मिश्राजींनी वहीची दोन पानं जास्तीची उलटून सहावं, मरणाचं गाणं सुरू केलं! माझ्या कॉलनीतल्या चौघी आठ मोजून एकमेकींवर आदळल्या. भाऊजींचा हात कानावरच राहिला. पुढे कुणी हसलं.

तेवढ्यात सुमन वळली. मिश्राजींच्या हाताकडे नजर, आणि पाय बदलले. पाठोपाठ तिच्या तिघी. आता मी काय करायचं होतं? मी विंगेतून ओरडले, “वळा! सगळ्या मागे वळा!”

आठही जणींनी प्रेक्षकांना पाठ दाखवली. सुमनने एकीचा हात धरला, साखळी झाली, भाऊजी आणि मिश्राजी दोघे मधे आले. भाऊजी दोन गाणी आधीच मेले. मैदानातून ‘वन्स मोअर’ आला, तेव्हा उठून पुन्हा मेले. पुढे सुमनची आई उभी राहून हसत होती.

निघताना सुमन एसटी थांब्यावर ताडगोळे घेऊन आली. मी म्हटलं, “चुकलं माझं, सुमन. तुला मागे टाकायला नको होतं.”

“तुमीबी वळला ना, बाई,” ती म्हणाली.

नंतर बोईसरला कितीदा गेले, पण तिची भेट झाली नाही. याची रुखरुख आहे. वर्गात नवीन मुलगी आली की आजही मी आकडे शिकवत नाही. आधी तिला विचारते, वाजवणारा कुठे बसलाय? आणि तिने त्याच्याकडे बघितलं की मगच तिच्या पायांत घुंगरू बांधते.