ओस्नेची अर्धी धून

म्हाताऱ्या फिडलवादक तार्येईला पुरून आलो आणि आठवड्याच्या आतच आमच्या खोऱ्यात कुजबूज सुरू झाली, की डेअरीची गाडी चालवणाऱ्या ओस्नेनं त्याची सगळ्यात सुंदर धून अर्धी दडवून ठेवली आहे. अर्धी मेळाव्यात वाजवते आणि उरलेली घरी, दार लावून, एकटीच. मी दुकानात मासे घेताना ऐकलं तेव्हा दार नुसतं लावलेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला कुलूप लागलं. रविवारी चर्चबाहेर किल्लीसुद्धा सापडली, ओस्नेच्या गळ्यात.

ओस्ने हाडापेरानं दणकट. वरच्या शेतावर जन्मली, तिथंच राहिली. लग्न केलं नाही. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणायची, "गाडीत माझ्या शेजारी एकच जागा आहे, आणि तिथं फिडल बसते." ते खरंही होतं. दूध गोळा करायला निघताना ती फिडलची पेटी पट्ट्यानं बांधून शेजारी ठेवायची, एखाद्या आजारी पाहुण्याला न्यावं तशी.

आमच्या फिडलला वरच्या चार तारा गजानं वाजवायच्या. त्यांच्याखाली तरफा, म्हणजे आणखी बारीक तारा असतात, त्यांना कुणी हात लावत नाही, त्या आपल्या आपण झंकारतात. धून वाजवण्याआधी ती कुणाकडून घेतली त्याचं नाव घ्यायचं. नाव न घेता वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या कुरणात गुरं सोडणं. आणि घेतली तशीच वाजवायची. गुरू जिथं पाय आपटेल तिथं शिष्यानंही आपटायचा. मी तर एकाला गुरूचा खोकलासुद्धा उचललेला पाहिलाय.

तार्येई आमच्या उन्हाळी मेळाव्यातला सगळ्यात कडक परीक्षक. म्हातारपणी त्यानं चारचौघांत वाजवणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "तुम्हाला ऐकता येत नाही. वाजवू कुणासाठी?" डावा हात कोटाच्या खिशात घालून असा उभा राहायचा, जणू सगळं खोरं त्याच्या बापानं विकत घेतलंय. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यांत ओस्नेची गाडी फेरी संपली की त्याच्या अंगणात उभी दिसू लागली. आता एकटी बाई रोज एका घरी जाते म्हटल्यावर लोक काय बोलले असतील ते सांगत नाही. त्याची बायको गुन्वोर स्वतः दार उघडायची, हे मात्र कुणी बोलायचं नाही.

ती एक धून त्यानं आधी कुणालाच दिली नव्हती. जुन्या माणसांना एवढंच आठवायचं, की मध्ये ती वर चढायची, डोंगरावरच्या कुरणाच्या वाटेसारखी, आणि मग सावकाश उतरायची. ओस्ने वाजवायची तेव्हा चढण यायचीच नाही. गज चालू राहायचा, खर्जाच्या तारा घुमायच्या, तरफा झंकारत राहायच्या, आणि धून मात्र वाट पाहत थांबल्यासारखी. मग एकदम उतरण. काही जण त्या जागी डोळे पुसायचे. बाकीचे एकमेकांना कोपर मारायचे.

तार्येई गेल्यानंतरच्या तिसऱ्या मेळाव्याला त्याची मुलगी सिग्नी शहरातून आली. मेळावा भरतो त्या शाळेबाहेर, गाड्या लावतात तिथं, मी माझ्या गाडीत बसून वॅफल खात होतो. शेजारीच ओस्नेची गाडी. माझे कान म्हातारे आहेत, पण कामाच्या वेळी दगा देत नाहीत.

"ओस्ने, जरा बोलायचंय."

"कॉफी तरी संपवू दे. अगदी बापासारखी घाई तुला."

"बापाचंच बोलायला आलेय. उरलेली धून दे. मला वाजवता येत नाही, पण माझी पोरगी वाजवते. तिच्या आजोबांची आहे ती."

"माझ्याकडे आहे तेवढी सगळ्यांसमोर वाजवते मी."

"अर्धी वाजवतेस!"

"मला अशीच मिळाली."

"मरणाऱ्या माणसाकडून घेतलीस आणि आता आमच्याशीच लपाछपी? मग ऐक. आजपासून बाबांचं नाव घेऊन ती वाजवायची नाही. परीक्षकांना सांगूनच आलेय मी."

माझं वॅफल हातातच राहिलं. नाव काढून घेतलं तर धूनच गेली. ओस्नेला ती पुन्हा कुठंही वाजवता आली नसती, कुणाला देता आली नसती, आणि चोर हा शिक्का जन्मभर राहिला असता. तिच्या ओठांपर्यंत काहीतरी आलेलं मला खिडकीतून स्पष्ट दिसलं. तिनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "मग शेवटची इथंच वाजवते. तू समोर बस."

गाडीच्या पायरीवर बसून तिनं फिडल लावली आणि तार्येईचं नाव घेतलं. सिग्नी दोन हात अंतरावर उभी, तोंड घट्ट मिटलेलं. धून त्या जागी आली तेव्हा मी सवयीनं कान टवकारले, पण सिग्नी ऐकत नव्हती, ती पाहत होती. ओस्नेची डाव्या हाताची शेवटची दोन बोटं हळूच वळली आणि तळहातात जाऊन बसली. दुधाचे कॅन उचलणारी ती धडधाकट बोटं, गज खर्जाच्या तारांवर फिरत असेपर्यंत तशीच मिटून राहिली. उतरण आल्यावर उघडली.

"नाताळात आई बाबांच्या ताटातलं मांस कापून द्यायची," सिग्नी म्हणाली. "मी म्हटलं, काय पण लाड म्हाताऱ्याचे! आई हसली नाही."

ओस्ने गजाचे केस सैल करत होती. "मी काही बोलले नाही."

"नाही. तू काहीच बोलली नाहीस." सिग्नी तिच्याशेजारी पायरीवर बसली. "वरचं नुसतं गुणगुणून तरी दाखवायचं ना त्यांनी."

"मी विचारलं होतं. म्हणाले, जे हातातून येत नाही ते आता माझं नाही. आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले."

सिग्नीनं तोंडावर हात धरला. मीही खिडकीची काच वर केली. काही गोष्टी माझ्यासारख्यानंही ऐकू नयेत.

त्या दुपारी सिग्नी ओस्नेबरोबर मंचावर गेली आणि नाव तिनंच घेतलं. "ही माझ्या वडिलांची धून, ओस्नेनं त्यांच्याकडून घेतली तशी." परीक्षकांनी ओस्नेला खालचाच नंबर दिला, कारण धून त्यांना अपुरी वाटली. ती सामान आवरून दुधाच्या फेरीला गेली. पुढं मरेपर्यंत ती दर उन्हाळ्यात ती धून तशीच वाजवत राहिली. आता सिग्नीची मुलगी वाजवते, आणि त्या जागी तिचीही दोन बोटं मिटतात.

काच वर करताना सिग्नीनं मला पाहिलं होतं, आणि गुन्वोर जिवंत आहे तोवर तोंड उघडायचं नाही, असं बजावलं होतं. तेव्हा कुजबूज चालूच राहिली, आणि मला ती हसून ऐकावी लागली. या वसंतात गुन्वोरही गेली.

ओस्नेनं काहीही दडवलं नव्हतं. तार्येईची अनामिका आणि करंगळी आखडून तळहाताकडे वळली होती. वरचे सूर त्याला वाजवता येत नव्हते, म्हणून त्यानं ते तिला शिकवलेच नाहीत.