बाईंचा दिनक्रम

इटलीतल्या बितोंतो गावात आदोलोराताबाईंनी एकोणचाळीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. चौकातला न्हावीसुद्धा त्यांच्या हातचा मार खाल्लेला. त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी, मानाना, जॉर्जियाहून त्यांना सांभाळायला आलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाई खुर्चीतच असायच्या आणि आताशा बरंच विसरायच्या, पण कॉफीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझा धडा चुकायचा नाही. पहिला धडा दिनक्रमाचा. इटालियनमध्ये माणूस स्वतःला उठवतो, स्वतःला धुतो, स्वतःला कपडे घालतो. करणारा बदलला की क्रियापदाचं शेपूट बदलतं. मी अडखळले की बाई चिडायच्या. "कामं तर रोज करतेस ना? मग सांगायला काय जड जातं?"

त्या सोमवारी सरकारी डॉक्टर बाईंना तपासायला घरी येणार होते. बाईंना स्वतःचं काहीच करता येत नाही अशी त्यांची खात्री पटली तर सांभाळणारी ठेवण्यापुरता सरकारी भत्ता मंजूर, नाहीतर भाचा कोझिमो त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. मग माझी नोकरी गेली आणि राहायची खोलीही. भीतीने मला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

बाईंना झग्यातच बसू दे, नटवू नकोस, असं कोझिमोने दोनदा बजावलं होतं. पण या गावात मेलेल्या माणसालाही चांगला पोशाख घालूनच निरोप देतात, मग डॉक्टरांसमोर अवतारात कोण बसेल? बाईंनी निळा पोशाख मागितला, मोत्याचे डूल मागितले. इतकी वर्षं इथे काढून मलाही तेच बरोबर वाटत होतं. मी केस विंचरले, ओठांना रंग लावला, चांगले कप काढून ठेवले. घंटी वाजली तेव्हा मी बाईंकडे पाहिलं. या बाईला कोण आजारी म्हणेल?

डॉक्टर तरुण होता, भला वाटला. "दिवसभर काय काय करता, मास्तरीणबाई?"

बाई ताठ बसल्या. "मी सहाला उठते. अंघोळ करते. कपडे घालते. मग बाजारात जाते, भाजी आणते, स्वयंपाक करते."

एक चूक नाही. माझाच धडा होता तो. डॉक्टर भराभरा लिहीत होता.

"तसं नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "मी त्यांना उठवते. मी त्यांना अंघोळ घालते. कपडे मी घालते, घास मी भरवते. संडासला मीच नेते, आणि कधीकधी तिथपर्यंत पोचतही नाही आम्ही."

बाई मान जरा तिरकी करून ऐकत होत्या. डॉक्टरने लिहिलेलं खोडलं.

"म्हणजे मी दिवसभर काहीच करत नाही?" बाईंनी मला विचारलं.

तुम्ही मला शिकवता, बाई. अगदी ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरचं पेन अजून कागदावरच होतं, आणि शिकवू शकणाऱ्या बाईला भत्ता देतात की नाही, मला ठाऊक नव्हतं.

"हो, बाई," मी म्हणाले. "काहीच नाही."